मोडीत घालण्याआधी : पितळ, चामडं आणि घरच्या हातांची किंमत



चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे माळ्यावरची भांडी खाली उतरतात. समई, ताम्हण, निरांजनं, घंटा, मोठा टोप, पितळेची कळशी, सगळं मागीलदारी येऊन पडतं. ढीग बघून घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘आता ह्यां कोण घासतला?’ नेमकं त्याच दिवसांत वाडीत भंगारवाल्याची गाडी फिरत असते. मग कळशी तराजूवर चढते, चार पैसे हातात येतात आणि तिची जागा स्टीलची किंवा प्लॅस्टिकची कळशी घेते.

भांडं विकूच नका, असं आम्ही सांगणार नाही. अडचण आली तर विकावं लागतं. पण विकताना आपण काय विकतो आहोत हे माहीत असावं, म्हणून आजचं हे बोलणं आहे. पितळेच्या आणि चामड्याच्या हाताने घडवलेल्या वस्तू कशा बनतात, त्या का टिकतात, कशाने बिघडतात आणि त्यांची किंमत कशी ठरते, हे एकेक करून बघू. आपल्या गटांतल्या ज्या बायका हस्तकलेच्या वस्तू बनवतात, त्यांच्यासाठी शेवटचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे.

भांड्यावरचं नाव

जुनं भांडं हातात घेतलंत तर काठाखाली टोच्याने कोरलेली अक्षरं दिसतील. कोणाचं तरी नाव, गाव, कधी लग्नाची तारीख. आजीच्या किंवा पणजीच्या काळात सात-बारावर बाईचं नाव क्वचित असायचं, पण माहेरून आलेल्या कळशीवर मात्र तिचं नाव असायचं. वापरायला सोपी, गहाण ठेवता येणारी, वेळेला मोडता येणारी अशी ती तिची ठेव होती.

कायदाही याच बाजूने आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे बाईला लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर भेट म्हणून मिळालेली वस्तू ही तिची पूर्ण मालकीची असते. ती भेट नातेवाइकांनी दिलेली असो की इतरांनी. त्यामुळे आहेरात आलेली समई किंवा हंडा विकायचा की ठेवायचा, हे ठरवायचा पहिला हक्क तिचा. घरातल्या कोणी परस्पर गाडीवर चढवला आणि नंतर सांगितलं, हे बरोबर नाही. हे भांडण लावण्यासाठी सांगत नाही. आपल्या नावाची वस्तू आपल्याला विचारून जावी, एवढंच.

पितळ कळकतं म्हणजे काय होतं?

तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ होतं. भांड्यांच्या पितळेत साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त असतं. तांब्यात कथील मिसळलं तर होतं ते कासं. पायाला तेल-तूप चोळायची वाटी काशाची असते, समई बहुधा पितळेची. दोन्ही पिवळसर दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

दही, ताक, चिंच, कोकम पितळेत ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याला ठाऊक आहे. कारण साधं आहे. आंबट पदार्थातलं आम्ल धातूमधलं तांबं सोडवून घेतं. ते अन्नात उतरतं, चव बिघडते, हिरवट झाक येते आणि असं अन्न खाल्लं तर मळमळ, उलट्या, पोटात कळ येऊ शकते. आपलं जेवण तर आगळाचं आणि सोलांचं. कल्हई नसलेल्या पितळेच्या टोपात सोलकढी, तिवळ किंवा सोलं घातलेलं माशाचं तिखलं कधी ठेवू नये.

गंमत अशी की घासताना आपण हेच आम्ल कामाला लावतो. काळ्या पडलेल्या समईवर धातूचा हवेशी संयोग होऊन थर जमलेला असतो. वापरून झालेली सोलं, चिंच किंवा लिंबू चोळलं की तो थर विरघळतो आणि खालचं पितळ झळकतं. घासून झालं की मात्र भांडं भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करायला हवं. आम्ल किंवा मीठ अंगावर राहिलं तर दोन दिवसांत पुन्हा डाग पडतात. त्यात आपली हवा खारी. किनाऱ्याजवळच्या घरात पितळ लवकर काळवंडतं आणि सांध्यांत हिरवं धरतं. रोज न लागणारी समई पुसून, खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, सुती फडक्यात बांधून ठेवली तर वर्षभर बरी राहते. नाव कोरलेल्या जागी तारेची घासणी लावू नका. अक्षरं झिजतात.

कल्हईचं काम

कळकण्यावर जुना उपाय कल्हईचा. भांडं आधी स्वच्छ घासतात. मग कोळशाच्या भट्टीवर तापवतात. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा मळ सुटतो. त्यावर कथलाची कांडी टेकवली की कथील पाण्यासारखं वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते भरभर आतून फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. आतला भाग चांदीसारखा पांढरा होतो. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा पडदा आला, की आंबट पदार्थाचा पितळेशी संबंध येत नाही.

इथे दोन गोष्टी प्रत्येकीने लक्षात ठेवायच्या. पहिली, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं मोठ्या आचेवर ठेवलं तर कल्हई वितळून ओघळते. अशा भांड्यात कोरडं भाजू नये. आधी पाणी किंवा पदार्थ घालावा, मग आच द्यावी. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कथील महाग असतं, म्हणून त्यात शिसं मिसळलं जाण्याची भीती असते. शिसं शरीराला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्याचं थोडंसं प्रमाणही सुरक्षित मानत नाहीत. म्हणून कल्हई ओळखीच्या माणसाकडून, कांडी बघून आणि विचारून करून घ्यावी. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नाही, पण विचारणारं गिऱ्हाईक आहे एवढं कळलं तरी फरक पडतो. नवसागराचा धूर घशाला लागतो, तेव्हा काम चालू असताना पोरांना लांब ठेवा.

कल्हई किती दिवस टिकते, हे वापरावर आहे. आतून पिवळी किंवा लालसर जागा दिसायला लागली की ती पुन्हा करायची वेळ झाली. एकेका वाडीसाठी कल्हईवाल्याला बोलावणं परवडत नाही. पण चार-पाच गटांनी मिळून एक दिवस ठरवला आणि भांडी एका खळ्यात जमवली तर त्यालाही फेरी परवडते आणि आपल्यालाही. गणपतीच्या आधीच्या महिन्यात हे ठरवण्यासारखं आहे.

हाताने घडवलेलं कसं ओळखायचं?

पितळेची वस्तू दोन मुख्य रीतींनी होते. समई, घंटा, निरांजन यांसारख्या जाड वस्तू ओतीव असतात. वाळूचा साचा करून त्यात वितळलेलं पितळ ओततात, मग कानशीने घासून, चरकावर फिरवून साफ करतात. म्हणून समई सलग नसते. बैठक, दांडा, वाटी, शेंडा असे भाग वेगळे ओतून पेचाने जोडलेले असतात. एखादा पेच झिजला म्हणून सगळी समई मोडीत घालायची नसते. तो भाग बदलता येतो.

कळशी, हंडा, घंगाळ यांसारख्या पोकळ वस्तू पत्र्यापासून ठोकून घडवतात. ठोकलं की धातू कडक होतो, म्हणून मध्येच भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. असं कितीदा तरी. शेवटी गोल तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके देतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत या कामाला मठारकाम म्हणतात. तिथले त्वष्टा कासार मूळचे कोकणातले, पेशवाईच्या आसपास पुण्याला गेलेले. म्हणजे त्या हातोडीचा आवाज आपल्याच बाजूचा आहे. पूर्वी ते पाणी तापवायचे बंब, हंडे, घंगाळी घडवत. घरोघर स्टील आणि गिझर आले आणि बंबाचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा तिथल्या काही घरांनी तोच ठोका ठेवून नव्या वस्तू केल्या. ताटं, तबकं, दिव्यांच्या झाकण्या, पाण्याचे जग. पंजाबात जंडियाला गुरू इथल्या ठठेरा कारागिरांच्या पितळ-तांब्याच्या भांडीकामाची युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आपण ज्याला जुनाट म्हणतो त्याची दखल जगाने अशी घेतली.

ओळखायला सोप्या खुणा सांगते. हाताने ठोकलेल्या भांड्यावर बोट फिरवलं तर ठोके जाणवतात आणि दोन भांडी हुबेहूब एकसारखी नसतात. यंत्रावर दाबून केलेलं भांडं बहुधा पातळ आणि गुळगुळीत असतं. घेताना लोहचुंबक जवळ ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पिवळा मुलामा.

चामडं : कमावणं आणि सांभाळणं

पितळ आणि चामडं एकत्र का घेतलं, असं वाटलं असेल. जुन्या घरात ही दोन कामं शेजारी शेजारीच होती. कल्हईवाल्याच्या भट्टीला वारा घालणारा भाता कातड्याचा. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली पितळेची घुंगरं. विहिरीवरची मोट, ढोल, मृदंग, पायातली वहाण, सगळीकडे चामडं. आणि खरं बोलायचं तर ज्या घरांनी हे काम केलं त्यांना गावाने लांब ठेवलं. मोटेचं पाणी शेताला चाललं, ढोल देवळात वाजला, पण तो मढवणाऱ्याला देवळाच्या पायरीवर उभं केलं नाही. हस्तकलेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. वस्तूला मान आणि करणाऱ्याला अपमान, हा हिशेब आपल्या पिढीत तरी संपायला हवा.

मराठीत कातड्याला ‘कमावणं’ हा फार चांगला शब्द आहे. कच्चं कातडं कुजतं. ते चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात बरेच दिवस मुरवतात. साल आणि हिरड्यातला तुरट अंश कातड्यात शिरून त्याला घट्ट धरतो आणि कातडं कुजायचं थांबतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असं कमावलेलं असतं. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार लवकर होतं आणि चामडं मऊ होतं, पण सांडपाणी नीट साफ केलं नाही तर नदी-विहिरी खराब होतात. सालीने कमावलेलं चामडं सुरुवातीला ताठ असतं, वापरून मऊ होतं आणि त्याचा रंग वर्षागणिक गडद होतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. हे काम घराघरांत वाटून होतं. तळ कापणं, ठोकणं बहुधा पुरुष करतात. वेणी विणणं, शिवण, नक्षी, गोंडे हे पुष्कळदा बायकांच्या हातचं असतं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या मोठ्या कंपनीने आपल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने या चपला भारतीय हस्तकलेवरून घेतल्याचं मान्य केलं. आमच्या दृष्टीने यातून शिकायचं ते असं, की वस्तूबरोबर तिचं गाव आणि तिची रीत लिहून दिली नाही तर दुसरा कोणी तिची गोष्ट स्वतःच्या नावावर सांगतो.

आपल्या पावसात चामडं सांभाळणं हे वेगळंच काम. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्या. भिजलेली वहाण चुलीजवळ किंवा कडक उन्हात सुकवू नका, तडे जातात. सुकल्यावर एरंडेलाचा हलका हात लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. कागदात किंवा सुती कापडात ठेवा. चामड्यावर पितळेची कडी किंवा टिकली असेल तर तिथे हिरवा मेणचट थर येतो. चामड्यातला तेलाचा आणि तुरट अंश पितळेशी मिळून तो होतो. वस्तू वाया गेली असं समजू नका. काडीने खरवडून कोरड्या फडक्याने पुसलं की झालं.

घराचा कारखाना आणि किंमत

घरातल्या कारखान्याचं उदाहरण लांब शोधायला नको. सावंतवाडीची चितार आळी आहेच. लाकडी फळं, खेळणी, पाट, चौरंग यांवर पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांचं पोट चाललं आहे. गंजिफा ही तर बंद पडत आलेली कला. १९७० च्या दशकात राजेबहादूर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराच्या मदतीने राजवाड्यात ती पुन्हा सुरू केली. जुना हात होता म्हणून नवे हात तयार झाले. तो हात आधीच मोडीत गेला असता तर पैसे ओतूनही काही झालं नसतं.

आता हिशेब. मोडीत देताना भांड्याचा भाव फक्त वजनावर होतो. नवं घेताना मात्र वजनाच्या भावावर घडणावळ लागते. म्हणजे जुनी ठोकलेली कळशी देताना घडवणाऱ्याच्या हाताचे पैसे आपण फुकट सोडतो आणि नवी घेताना पुन्हा भरतो. म्हणून दुरुस्त होण्यासारखी वस्तू आधी कासाराकडे न्या. डाग लावून, पेच बदलून, कल्हई करून काय खर्च येतो ते विचारा. मग ठरवा. विकायचीच तर वजन आधी घरी करा, दोघांकडे भाव विचारा आणि समईसारखी घाटाची वस्तू वजनावर देऊ नका. मालवण-तारकर्लीला येणारे पाहुणे अशाच वस्तू शोधत असतात.

वस्तू बनवणाऱ्या मैत्रिणींनी हीच चूक उलट बाजूने करू नये. समजा, चामड्याचा एक बटवा आहे, पितळेच्या कडीचा. चामडं, दोरा, कडी मिळून माल २२० रुपयांचा. हत्यारांची झीज, वीज, पिशवी यांचे ४० रुपये. काम सहा तासांचं. दिवसाची मजुरी ४०० धरली तर तासाला ५०, म्हणजे ३०० रुपये. झाले ५६०. त्यावर प्रदर्शनाचा खर्च, न विकला गेलेला माल आणि गटाचा वाटा यांसाठी २० टक्के, म्हणजे ११२ रुपये. किंमत झाली ६७२. आपण मात्र शेजारच्या स्टॉलवर बघून ४५० ला देतो आणि माल खपला म्हणून आनंदतो. त्यातून माल आणि झीज वजा केली तर उरतात १९०. सहा तासांचे. तासाला ३२ रुपयेही पडत नाहीत. ही सूट गिऱ्हाइकाला आपण आपल्या मजुरीतून दिली.

‘घरचंच तर काम’ असं म्हणून आपण आपले तास मोजत नाही. पॉलिश करणं, शिवण घालणं, बांधणी करणं, बाजारात बसणं, हे सगळं कामच आहे. आमच्या गटांत आता वहीला एक रकाना वाढवला आहे, कोणी किती तास काम केलं याचा. पहिले काही दिवस सगळ्या हसल्या. महिनाअखेरीस बेरीज बघितल्यावर कोणी हसलं नाही. उमेद अभियानाच्या मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जायचं असेल तर हा रकाना भरलेला हवाच, कारण तिथे घासाघीस करणारा पुढे उभा असतो आणि आपला आकडा आपल्याला पाठ असावा लागतो.

आणखी एक. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात चर्मकारीही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय कर्ज, आधी १ लाख आणि ते नीट फेडलं की २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. पण नोंदणी एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची होते. सेवा केंद्रात फॉर्म भरताना आपोआप पुरुषाचं नाव जातं. काम दोघं करतात, तर नाव कोणाचं लावायचं हे घरी बसून, बोलून ठरवा. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, कर्ज आणि ओळख त्याच्या नावावर.

तर मैत्रिणींनो, यंदा भांडी उतरवाल तेव्हा तीन ढीग करा. नावाची आणि घाटाची भांडी एका बाजूला, ती ठेवायची. दुरुस्तीची दुसऱ्या बाजूला, ती गटाच्या कल्हईच्या दिवशी आणायची. खरोखर फुटलेली, डाग न लागणारी तिसऱ्या बाजूला, ती वजन करून विकायची आणि आलेले पैसे ज्या बाईची वस्तू तिच्या खात्यात भरायचे. तुमच्या वाडीत भांडी घडवणारं, कल्हई करणारं, चामडं शिवणारं कोणी असेल, तर त्यांचं नाव आपल्या गटाच्या बैठकीत नक्की सांगा. पुढच्या मोसमात काम त्यांच्याकडे जाईल असं बघू.